आमची वाटचाल: पंक्चरच्या टपरीपासून मापांच्या वहीपर्यंत

१९८६ साली आबांनी कोल्हापुरात, शिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याची टपरी टाकली. सामान काय, तर हातपंप, टायर उचकटायच्या दोन टॉमी, एक जॅक, पाण्याचं घमेलं आणि पंक्चरचा प्रेस. काम शिकले ते एका केरळी अण्णांकडं. त्या काळी हमरस्त्याला पंक्चरवाला म्हटलं की तो बहुतेक केरळचाच असायचा. अण्णांचं मराठी मोडकंतोडकं, पण टायरवरून नुसता तळवा फिरवून खिळा कुठं घुसलाय ते सांगायचे. आबांना ते जमलं. मला अजून जमत नाही.

मी बारावीनंतर, २००१ला दुकानात आलो. २००६ला कर्ज काढून बॅलन्सिंगचं मशीन घेतलं. "एवढ्यात गुंठाभर जागा आली असती," आबा आठवडाभर बोलत होते. पण तोवर ट्यूबलेस टायर घरोघरी आले होते आणि २००५ला आलेल्या स्विफ्टनं पोरांना वेड लावलं होतं. साध्या मॉडेलला १६५/८० आर १४चे टायर यायचे. नवी गाडी शोरूममधून थेट आमच्या दारात. "मामा, हे सायकलचं चाक काढा आधी!"

आम्ही काढत होतो. धंदा जोरात होता. कुर्ल्याहून जुन्या अलॉय डिस्का (टायर ज्यावर चढतो ती धातूची चाकं) यायच्या, नट बसले की चाक बसलं, असा आमचा हिशोब. ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं म्हणून गाडी परत यायची, आम्ही पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून द्यायचो. चूक वेगळीच होती. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागाचा, व्यास ५४.१ मिलिमीटर आणि बाहेरच्या डिस्कचं मधलं भोक ६७ किंवा ७३ मिलिमीटरचं. मधली फट भरायला हब रिंग लागते, हे कळायला आम्हाला दीड वर्ष लागलं. लाज वाटते, पण खरं आहे.

मोठा धडा २०१२चा. एका गिऱ्हाइकाच्या स्विफ्टला पाच इंच रुंदीच्या डिस्का काढून सात इंच रुंदीच्या बसवल्या आणि वर १९५/६५ आर १५चे टायर. गाडी दारात उभी होती तेव्हा नाद खुळा दिसत होती. मी स्वतः फोटो काढून काउंटरमागं लावला. चार दिवसांनी तो पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन आजऱ्यामार्गे आंबोली उतरला. प्रत्येक खड्ड्याला मागून खर्र आवाज. संध्याकाळी परत आला तेव्हा मडगार्डची आतली दुमड डाव्या टायरला करवतीसारखी लागली होती. खांद्यापाशी रबर सोलून आतला दोरा दिसत होता. मी तिथं बोट घातलं आणि पोटात गोळा आला. घाटात टायर फुटला असता तर? दोन टायर आणि डेंटिंगचा खर्च आम्ही सोसला. फोटो त्याच रात्री काढून टाकला.

आबा तेव्हा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेची दोनशेपानी वही आणि स्टीलची फूटपट्टी माझ्यापुढं ठेवली.

वहीचं पहिलं पान त्याच गाडीचं आहे. टायरवरचे आकडे आम्ही रोज वाचत होतो, पण त्यांचा हिशोब कधी मांडला नव्हता. १६५/८०मधले १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, पण ८० हे मिलिमीटर नव्हेत, त्या रुंदीचे टक्के आहेत. म्हणजे टायरची भिंत १३२ मिलिमीटर, वर-खाली मिळून २६४. आर १४ म्हणजे चौदा इंच व्यासाची डिस्क, ३५५.६ मिलिमीटर. चाकाची एकूण उंची झाली ६१९.६. हाच हिशोब मी बसवलेल्या १९५/६५ आर १५ला लावला तर ६३४.५ येते. पंधरा मिलिमीटर जास्त, त्यातलं निम्मं मडगार्डच्या बाजूला. स्पीडोमीटरही खोटं बोलणार, काटा १००वर असताना गाडी १०२च्या वर पळणार.

उंचीपेक्षा मोठा घोळ रुंदीचा होता. पाचाची सात इंच केली की डिस्क आत २५ आणि बाहेर २५ मिलिमीटर वाढते. त्यात त्या डिस्कचा ऑफसेट (डिस्कच्या मध्यरेषेपासून ती हबला टेकते तिथपर्यंतचं अंतर) मूळ डिस्कपेक्षा १० मिलिमीटरनं कमी होता, म्हणजे सगळं चाकच आणखी १० मिलिमीटर बाहेर सरकलं. बाहेरची कड एकूण ३५ मिलिमीटर पुढं आली. टायर उंच आणि चाक बाहेर, मग गाडी दबली की मडगार्ड दुसरं काय करणार!

त्याच गाडीला नंतर सहा इंच रुंदीच्या डिस्का आणि १८५/६५ आर १५ बसवले. उंची ६२१.५, मूळ मापाला दोन मिलिमीटरच्या आत. शिवाय स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला पुढं कंपनीकडूनच हे माप येऊ लागलं, त्यामुळं विमा किंवा आरटीओची कटकट नाही. कंपनीनं त्या गाडीला दिलेल्या मापाबाहेर जायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, हे आम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. लोड इंडेक्सही, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडाही, आधी बघतो. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. मूळच्यापेक्षा कमी आकड्याचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी आमच्या दुकानातून गाडीला लागत नाही.

माप जमलं तरी गाडी लगेच सोडत नाही. दुकानात वाळूची वीस-वीस किलोची आठ पोती आहेत. ती मागच्या सीटवर आणि डिकीत टाकायची, टायरच्या खांद्याला ओल्या खडूचा जाड पट्टा ओढायचा, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि समोरच्या स्पीडब्रेकरवरून दोन फेऱ्या मारायच्या. मग बॅटरी घेऊन खाली झोपायचं. लायनरला (मडगार्डच्या आतल्या अस्तराला), शॉकपला (शॉक अॅब्सॉर्बरला) किंवा मडगार्डच्या दुमडीला पांढरा डाग दिसला की चाक उतरवायचं. आमचा पोऱ्या त्याला 'हळद लावणं' म्हणतो, पांढरी असली तरी.

पण हिशोब बरोबर आला म्हणजे सगळं बरोबर असतं असं नाही. एकांच्या अल्टोला १४५/८० आर १२च्या जागी १६५/६५ आर १३ घातले. उंचीत आठ मिलिमीटरचा फरक, खडूचा डाग नाही, मी खूश. पंधरा दिवसांनी त्यांच्या वहिनी आल्या. गाडी रोज त्या चालवायच्या आणि पॉवर स्टिअरिंग नव्हतं. "भाऊजी, पार्किंग करताना खांदे भरून येतात हो माझे." जुने टायर गॅलरीत होते, तेच परत चढवले. तेव्हापासून वहीत एक रकाना वाढलाय: गाडी कोण चालवतं.

२०१९च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला, दुकानात छातीभर पाणी. टायर तरंगतात, बॅलन्सिंग मशीन तरंगत नाही. वही तेवढी मी घरी नेली होती.

परवा एक पोरगा आला. त्याला २०५/४५ आर १७ हवे होते आणि मोबाइलवर हिशोब करूनच आला होता. उंची ६१६, मूळच्यापेक्षा तीनच मिलिमीटर कमी. "मामा, गणित बरोबर आहे की नाही?" बरोबर होतं. मी त्याला मागच्या पत्र्याखाली नेलं. तिथं खड्ड्यात वाकलेल्या सतरा इंची डिस्का आणि भिंतीला फुगा आलेले टायर एकावर एक रचलेत. फूटपट्टी काढून त्याच्या मूळ टायरची भिंत मोजायला लावली, १३२. मग त्या ढिगातल्या ४५च्या टायरची, ९२. चार सेंटिमीटर रबर आणि हवा कमी. "तुझं गाव कुठलं?" विचारलं. गगनबावड्याच्या पुढं, म्हणाला.

"विचार करून सांगतो मामा," म्हणून गेला. वहीत त्याच्या गाडीचं पान आहे. सगळी मापं लिहिलीत, टायरचा रकाना अजून कोरा आहे.