पठाणी होला आणि लाल होल्याची मादी

पठाणी होला आणि लाल होला या कबुतरासारख्या दोन पक्ष्यांतला फरक सांगताना बहुतेक जण लाल होल्याच्या नराचे वर्णन करून मोकळे होतात. ते सोपेच आहे, कारण राखाडी डोके, विटकरी पाठ आणि मानेमागची काळी कड दिसली की शंकेला जागाच उरत नाही. खरी पंचाईत मादीची होते. पठाणी होल्यात नर-मादी सारखेच दिसतात आणि दोघांच्याही मानेमागे काळी कड असते. लाल होल्याची मादी मात्र मातकट तपकिरी असते, आणि तिच्याही मानेमागे तीच काळी कड असल्यामुळे ती पठाणी होल्याचे पिल्लूच वाटते. वास्तविक त्या पिल्लाच्या मानेवर कड नीट उमटलेलीच नसते, त्यामुळे लहान चणीच्या पक्ष्यावर ती ठसठशीत दिसली तर पिल्लाचा विचार सोडून द्यावा.

आपल्या मराठवाड्यात शाळूची काढणी झाली की सांडलेले दाणे टिपायला दोन्ही होले एकाच रानात उतरतात, आणि तुलनेला याहून चांगली संधी नाही. पठाणी होला सुमारे ३२ सेंटिमीटर लांबीचा, फिकट राखाडी आणि लांब शेपटीचा. लाल होला जेमतेम २३ सेंटिमीटरचा, आखूड शेपटीचा आणि बसक्या बांध्याचा. दुर्बीण असेल तर पायही पाहावेत: पठाणी होल्याचे तांबडे, लाल होल्याचे काळपट. मादीचा रंगही पठाणी होल्यापेक्षा गडद असतो, पण मार्चच्या टळटळीत उन्हात सगळेच रंग विटलेले दिसत असल्याने मी रंगावर फारसा विसंबत नाही.

आवाज त्याहून भरवशाचा. पठाणी होला ‘कु-कूऽऽ-कुक’ असे तीन तुकड्यांत, मधला सूर लांबवत घुमतो. लाल होल्याची घुरघुर कोरडी आणि घाईची असते, आणि तीच ती पुन्हापुन्हा ऐकू येते.

वस्तीशी जुळवून घेण्यात पठाणी होल्याचा हात धरणारा विरळाच. विसाव्या शतकात तो युरोपभर पसरला आणि १९५५ साली इंग्लंडमध्येही त्याने घरटे केले. लाल होला त्या मानाने शिवाराला धरून राहणारा. त्यामुळे बांधावर एकटी तपकिरी मादी दिसली, तर जवळच्या बाभळी आधी नजरेखालून घालाव्यात, कारण बहुधा तिथेच कुठेतरी तिचा विटकरी नर बसलेला असतो.