ऑक्सफर्डचं सेंट मेरी चर्च : आधी मनोरा, मग तो खाच पडलेला खांब

लंडनहून बसने येणार असाल तर शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊ नका. हाय स्ट्रीटवर क्वीन्स लेनला उतरलात की सेंट मेरी द व्हर्जिन चर्च चार-पाच मिनिटांवर आहे. पॅडिंग्टनहून रेल्वेने साधारण तासभर लागतो. पण स्टेशनपासून पुढे वीसेक मिनिटं चालावं लागतं. रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा नुसतं बघायला येणाऱ्यांनी दुसरा दिवस निवडावा.

चर्चमध्ये जायला पैसे नाहीत, मनोऱ्यावर जायला तिकीट आहे. गर्दी व्हायच्या आत मनोरा उरकून घ्या. 127 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. जिना दगडी, चक्राकार आणि इतका अरुंद, की वरून येणारा आणि खालून जाणारा समोरासमोर आले तर एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. पाठीवर मोठी सॅक असली की सगळ्यांचीच कोंडी होते. वरचा सज्जाही एका माणसापुरताच. गुडघेदुखी असेल किंवा बंद जागेची भीती वाटत असेल, तर खुशाल खालीच थांबा. चर्चचा खरा इतिहास खालीच आहे. मनोरा तेराव्या शतकातला, त्यावरचं शिखर चौदाव्यातलं. वरून उत्तरेला रॅडक्लिफ कॅमेरा या गोल ग्रंथालय-इमारतीचा घुमट अगदी समोर येतो.

हे चर्च बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : विद्यापीठाला स्वतःच्या इमारती नव्हत्या, तेव्हा हेच विद्यापीठ होतं. सभा इथे, पदवीदान इथे. 1320 च्या सुमारास बिशप थॉमस कोबम यांच्या पैशातून मनोऱ्यालगत दुमजली इमारत उभी राहिली. खाली विद्यापीठाची सभा, वर ग्रंथालय. पुस्तकं 1488 मध्ये विद्यापीठाच्या ड्यूक हम्फ्री ग्रंथालयात गेली आणि पदवीदान 1669 मध्ये शेल्डोनियन थिएटर या समारंभाच्या सभागृहात. दोन्ही जागा इथून हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे याच क्रमाने पाहिल्या तर संगती लागते. चर्चच्या त्याच जुन्या ग्रंथालयात 1942 साली ऑक्सफॅम या मदतसंस्थेची पहिली बैठक झाली.

आता सभामंडपात या. व्यासपीठाच्या समोरच्या खांबाचा एक भाग कापलेला दिसेल. बरेच जण झीज समजून पुढे जातात. कॅथलिक राणी मेरीच्या काळात पाखंडी ठरवून जाळण्याची शिक्षा झालेले प्रोटेस्टंट आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांना उभं करण्यासाठी जो मंच बांधला, त्याच्या आधारासाठी ही खाच पाडली. 21 मार्च 1556 रोजी त्यांनी आपली प्रोटेस्टंट मतं सोडल्याचं सर्वांसमोर सांगावं, अशी अपेक्षा होती. मतं सोडल्याच्या लेखी कबुलीवर त्यांनी आधी सही केली होती; इथे त्यांनी उलट ती कबुलीच मागे घेतली आणि ज्या उजव्या हाताने तिच्यावर सही केली तो आगीत आधी जळेल, असं सांगितलं. इथे निदान दहा मिनिटं थांबा. व्यासपीठ आणि खांब यांच्यामध्ये उभं राहिलं की किती जवळून लोक त्यांना ऐकत होते ते कळतं.

बहुतेक जण रॅडक्लिफ चौकाच्या बाजूने आत येतात आणि तिकडूनच परत जातात, त्यामुळे दक्षिणेचं प्रवेशद्वार हुकतं. बाहेर पडताना हाय स्ट्रीटकडे जा. पीळदार खांबांचं हे द्वार 1637 चं, म्हणजे बाकीच्या गॉथिक बांधकामाहून कितीतरी नंतरचं. त्यावरच्या मेरी आणि बाळ येशूच्या मूर्तीवर 1642 मध्ये, राजा विरुद्ध संसद अशा यादवी युद्धात, संसदेच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या; अशा मूर्ती त्यांना कॅथलिक वाटत. पुढे राजाच्या बाजूचे आर्चबिशप लॉड यांच्यावरील खटल्यात, ते कॅथलिक रीती आणतात याचा पुरावा म्हणून हीच मूर्ती पुढे आली.

वेळ असेल तर हाय स्ट्रीटने कारफॅक्स या चौकापर्यंत जा. तिथे सेंट मार्टिन चर्चचा फक्त मनोरा उरला आहे. 10 फेब्रुवारी 1355 ला एका गुत्त्यात विद्यार्थी आणि गुत्तेवाला यांच्यात दारूवरून भांडण पेटलं, तेव्हा आपापली माणसं जमवायला गावकऱ्यांनी सेंट मार्टिनची घंटा वाजवली आणि विद्यार्थ्यांनी सेंट मेरीची. 63 विद्यापीठवाले मारले गेले असं मानतात. त्यापोटी महापौरांना दरवर्षी सेंट मेरीत येऊन 63 पेन्स भरावे लागत, ते थेट 1825 पर्यंत.

शेवटी ब्रॉड स्ट्रीट. क्रॅन्मर यांना जाळलं ती जागा बेलियल कॉलेजसमोर रस्त्यातच दगडी क्रॉसने दाखवली आहे. नजर खाली ठेवून शोधा, पण सायकलींकडेही लक्ष असू द्या.