लाईट गेली का?

पहिल्याच अंधारात आत्यानं माझा दंड धरला.

“लाईट गेली का रं?”

“नाही आत्या. प्रवेश संपला. ब्लॅकआउट म्हणतात त्याला.”

“मंग दिवे कामून घालवले?”

पुढच्या रांगेतल्या बाईंनी मान वळवली. मी आवाज खाली आणून सांगितलं, की सामान हलवायचं असतं, ते आपल्याला दिसू नये म्हणून. आत्या घटकाभर समोर बघत राहिली. मग म्हणाली, “दिसायलंय की सगळं. ते चष्मेवालं पोरगं टेबल उचलायलंय, आन् दुसऱ्याला उचलंना झालंय.”

मोतीबिंदू काढल्यापासून आत्याला माझ्यापेक्षा जास्त दिसतं. शिवाय खरा, गच्च अंधार आता कोणत्याच सभागृहात मिळत नाही. स्पीकरवर लाल ठिपका असतो, दाराच्या वर हिरवा दिवा असतो, आणि कुणीतरी मांडीवर उलटा ठेवलेला मोबाईल कडेनं उजळत असतो.

परभणीत फेब्रुवारी संपता संपता पंखे सुरू होतात. त्यातल्याच एका शनिवारी गावातल्या पोरापोरींनी तीन नव्या एकांकिका लावल्या होत्या. स्पर्धा नाही, करंडक नाही, तिकीट पन्नास रुपये. सभागृह जेमतेम दोनशे खुर्च्यांचं. त्यातल्या काही खुर्च्यांवर ‘बसू नये’ अशी चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीवर बसलेली माणसं. साडेसहाचा कार्यक्रम सव्वासातला सुरू झाला, म्हणजे आमच्याकडच्या मानानं वेळेवर. नटराजपूजन झालं. नारळ तिसऱ्या फटक्याला फुटला. निवेदकानं ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे म्हणून टाळी घेतली, ती पुरेना म्हणून पुन्हा एकदा म्हणून घेतली. तिसरी घंटा मोबाईलमधून वाजली.

आत्याला मी मुद्दाम आणलेलं नव्हतं. ती चार दिवसांसाठी आलेली, घरी एकटी कशी ठेवायची म्हणून सोबत घेतली. नाटक तिला नवीन नाही. सोंगी भारूड, गोंधळ, रात्रभर चालणारी कीर्तनं हे सगळं तिनं पाहिलंय. पण त्या सगळ्यात माणूस वेश बदलायला गेला तरी दिवा जात नाही. भारुडातला माणूस डोक्यावर पदर घेतो आणि तुमच्यादेखत बाई होतो. त्यामुळं दिवे घालवून टेबल उचलणं हा तिला लबाडीचा प्रकार वाटत असावा.

मला मात्र तो अंधारच आवडतो. त्याला कारण आहे. १९८९ साली आमच्या कॉलेजची एकांकिका युवक महोत्सवासाठी औरंगाबादला गेली होती. तेव्हा परभणीची कॉलेजं मराठवाडा विद्यापीठाकडं होती, नांदेडचं विद्यापीठ व्हायला अजून पाच वर्षं होती. त्या एकांकिकेत मी एक खुर्ची आणि एक माठ होतो. म्हणजे अंधार झाला की विंगेतून पळत जायचं, खुर्ची उचलायची, तिच्या जागी माठ ठेवायचा आणि उजेड व्हायच्या आत परत यायचं. घड्याळ अंधारात दिसत नाही. म्हणून दिग्दर्शकानं माप दिलं होतं: मारुती स्तोत्राचा पहिला श्लोक मनात म्हणायचा, तो संपेपर्यंत माठ जागेवर पाहिजे. आजही ब्लॅकआउट झाला की माझ्या डोक्यात श्लोक आपोआप सुरू होतो आणि तो संपला तरी दिवे आले नाहीत तर पोटात गोळा येतो.

त्या काळात औरंगाबादचं नाव आमच्यासाठी फार मोठं होतं. विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग तिथं, आणि प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी यांची ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था तिथलीच. ती मंडळी मुंबईला गेली. आम्ही परभणीला परत आलो. माझा माठ वेळेत पोचला होता, एवढं समाधान.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला नाटक केलं तेव्हा बटण दाबून अंधार करायची सोयच नव्हती. पुढं नाटक कंपन्यांकडं रंगवलेले पडदे आले. राजवाडा, जंगल, रस्ता, पाहिजे ते वरून खाली. एकांकिकेकडं ना तेवढे पडदे, ना तेवढा वेळ. पाऊण तासात घर, शेत, तहसील आणि दवाखाना दाखवायचा असतो. मग उरतात चार लाकडी ठोकळे आणि अंधार. ठोकळ्यावर बसलं की खुर्ची, वाकून आत बघितलं की विहीर, फुलं ठेवली की समाधी. एकांकिकेचा खरा पडदा म्हणजे हा अंधार, आणि तो ओढणाऱ्या पोरांचं नाव निवेदक सगळ्यात शेवटी, लोक चपला शोधत असताना घेतो.

पहिली एकांकिका स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतल्या तीन मुलांची होती. तिघंही कवितेत बोलत होते. ‘पीएसआय’ या शब्दावर दर वेळी निळा प्रकाश यायचा. एक जागा मात्र छान होती: गावाकडून आलेला डबा तिघंही उघडत नाहीत, नुसता हातानं चाचपून अजून गरम आहे का बघतात. बाकीचं मी विसरलो.

दुसरीच्या आधीचा अंधार झाला तेव्हा मला एकच धास्ती होती. दोराची. आमच्या भागातल्या एकांकिकांत दर दोन-तीनमागं एकीत वरून दोर लोंबत असतो. उजेड झाला, दोर दिसला, की मी घड्याळ बघतो; अडतिसाव्या मिनिटाला काय होणार ते ठरलेलं असतं. विषय खोटा आहे असं नाही. तो दोर आमच्या गल्लीत येऊन गेलाय, नात्यात येऊन गेलाय. म्हणून तर बक्षिसासाठी टांगलेला लगेच ओळखू येतो.

मारुती स्तोत्राचा श्लोक संपला. दिवे नाहीत. रंगमंचावर काहीतरी जड घासत चाललं होतं. मग धाड असा आवाज, आणि अंधारातून अगदी स्पष्ट, “आई गं!”

“नडगीला लागलं त्याच्या,” आत्या म्हणाली.

उजेड झाला. दोर नव्हता. एक बाज होती, सुतळीनं विणलेली, मधोमध झोल आलेली. कोपऱ्यात ठोकळ्यावर विजेच्या मोटारीची पेटी, त्यावर एक लाल बल्ब, आणि उरुसातून घेतल्यासारखा वाटणारा एक प्लॅस्टिकचा कंदील. नवरा-बायको रात्री रानात थ्री फेजची वाट बघत बसलेले. ज्यांच्याकडं शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो: शेतीच्या पंपाला लागणारी थ्री फेज वीज दिवसभर नसते, पाळीपाळीनं येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी घेऊन रानात जातो आणि पेटीवरचा बल्ब लागायची वाट बघतो. साप, विंचू, गारठा हे सगळं आलंच. गहू दाण्यात भरत असताना पाणी चुकलं तर संपलं. या दोघांना त्या रात्री फक्त गव्हाला पाणी द्यायचं होतं. एवढंच नाटक.

“आवं, आली का?”

“बाराला येती म्हणलेत.”

“बारा तं कवाच वाजले.”

“आपल्या घड्याळात. त्यांच्यात नसतील वाजले.”

सभागृह हसलं. आत्या हसली नाही. मालिकांमध्ये आमची भाषा बोलणारा माणूस एकतर गडी असतो नाहीतर गंमत करायला असतो, आणि तो बोलायला लागला की हसायचं असतं हे आम्हीही शिकून घेतलंय. आत्याच्या लेखी तिथं कुणी ‘बोली’ बोलतच नव्हतं. दोन माणसं बोलत होती. ती बाजेच्या झोलाकडं बघत म्हणाली, “म्हाताऱ्या माणसाची बाज हे. एका जागी दबली बघ.”

विसाव्या मिनिटाला पुन्हा अंधार झाला. माझा श्लोक सुरू झाला. आणि मला पंख्याचा आवाज ऐकू आला. म्हणजे तो कमी होताना ऐकू आला. ब्लॅकआउटमध्ये पंखे फिरत असतात. हे पंखे हळूहळू थकत थकत थांबले. स्पीकरचा लाल ठिपका गेला, दारावरचा हिरवा दिवा गेला, रंगमंचावर टांगलेल्या माईकची बारीक घरघर गेली. मी आत्याच्या कानाशी गेलो.

“आत्या, आता खरंच लाईट गेली.”

“गप,” आत्या म्हणाली. “चाललंय त्यांचं.”

इकडंतिकडं बघितलं, कुणीच हललं नव्हतं. रंगमंचावरची माणसं विजेची वाट बघत होती, मग वीज नसणं हे नाटकातच असणार, असं दोनशे लोकांनी मनात धरलं होतं. आमच्या भागानं २००५-०६ नंतरची काही वर्षं भारनियमनात काढली आहेत. दिवसाचे दहा-बारा तास अंधारात बसायची सवय असलेला प्रेक्षक उगाच ‘ए लाईट’ म्हणून ओरडत नाही. तो हातपंखा शोधतो.

रंगमंचावर काही क्षण काहीच नाही. मग तिचा आवाज आला, माईकशिवाय, अगदी जवळून आल्यासारखा.

“आवं. आता हितली बी गेली का?”

हशा. मग त्याचा आवाज, जरा थांबून, “गेली तं जाऊ दे. बस जरा.”

बाज करकरली. दोघं बसले असणार. आणि नाटक पुढं सुरू झालं. तेच संवाद, मला नंतर कळलं, एक शब्दही बदललेला नव्हता. पण तालमीत ते रंगमंचाच्या दोन टोकांना उभं राहून, रानातून हाका मारल्यासारखे बोलायचे होते. आता अंधारात, एका बाजेवर, हाका कशाला मारायच्या? दोघं हळू बोलायला लागले. थोरलीच्या लग्नाचं बोलले. सोयाबीन किती रुपयानं गेलं ते बोलले. माईक नसल्यामुळं सगळं सभागृह पुढं वाकलं; खुर्च्यांचा तो एकत्र झालेला आवाज मी ऐकला. मागून कुणीतरी मोबाईलची बॅटरी लावली, तर शेजाऱ्यानं “बंद करा ओ, नाटक चालू आहे” म्हणून दटावलं. असं चार-पाच मिनिटं चाललं असेल. लांबून रेल्वेचा भोंगा आला, तेव्हा ती म्हणाली, “गाडी गेली बघा, एक वाजला.” हेही संहितेत होतं का, ते विचारायचं राहिलंच.

जनरेटर सुरू झाला आणि दिवे एकदम आले, तेही सगळे, प्रेक्षागृहातलेसुद्धा. दोघं बाजेवर शेजारी बसलेले. त्यानं डोळ्यांवर हात धरलेला. तिचा पदर तोंडात. आम्ही सगळेच चोरी पकडल्यासारखे डोळे मिचकावत होतो.

मध्यंतरात चहावाल्यानं बातमी दिली की मागच्या गल्लीतली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, उडाली होती. दिग्दर्शक पोरगं, माझ्या मित्राचा मुलगा, कपाळाला हात लावून पायरीवर बसलं होतं. मी त्याला आधी अंधारातल्या ‘आई गं’चं विचारलं.

“काका, रेडियम लावलं होतं हो बाजेच्या पायांना. चारी पायांना. अंधारात दिसावं म्हणून.”

“मग?”

“दिसलंच नाही. नंबरप्लेटवाल्याकडून आणलेलं.”

मला हसू आवरेना. गाडीच्या नंबरप्लेटवर लावतात ती पट्टी स्वतः चमकत नसते, तिच्यावर दिव्याचा झोत पडला तरच चमकते. रंगमंचाला लागते ती उजेड पिऊन ठेवणारी, अंधारात मंद हिरवी दिसणारी पट्टी वेगळी. पण पोरांनी तालमी शाळेच्या व्हरांड्यात, दिवसाउजेडी केलेल्या. तिथं दोन्ही सारख्याच दिसतात.

तिसरी एकांकिका पुण्यात एका खोलीत राहणाऱ्या दोन मुलींची होती. बरी होती, पण दोघी चांगल्या बोलत असताना मध्येच सतार वाजायची. शेवटी चर्चा ठेवली होती. एक ज्येष्ठ गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, की दुसऱ्या प्रयोगातला तो दीर्घ अंधार हे दिग्दर्शकाचं मोठं धाडस आहे, त्या अंधारातून आपल्या मातीचा मूक आक्रोश वगैरे. दिग्दर्शकानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा छताकडं, आणि माईकमध्ये म्हणाला, “धन्यवाद सर.”

“डीपी उडाली व्हती,” आत्या मला म्हणाली, पण तिचं हळू बोलणं तीन रांगांना ऐकू जातं.

निघायला साडेदहा झाले. दारात त्या नवऱ्याचं काम केलेल्या मुलाचा फोन सारखा वाजत होता. बाज त्याच्या आजोबांची होती. संध्याकाळी दोन तासांसाठी म्हणून आणलेली. आजोबांना पलंगावर झोप येत नाही, आणि बाज मागताना नातवानं ‘नाटकाला पाहिजे’ असं न सांगता ‘सुतळी ओढून आणतो’ असं सांगितलेलं. टेम्पोवाला कधीच निघून गेला होता. मग चार पोरांनी बाज डोक्यावर घेतली, पाय वर करून, आणि निघाली चालत.

मी आत्याला स्कूटरवर मागं बसवलं. मागच्या गल्लीत डीपीचं काम अजून चालू होतं, सगळी गल्ली काळीकुट्ट. वळण घेतलं आणि स्कूटरचा झोत पुढं पडला, तेव्हा रस्त्याच्या मधोमध, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, चार लखलखीत पट्ट्या डुलत डुलत चालल्या होत्या.

“हे काय रं?”

“बाज आहे आत्या. नाटकातली.”

“आता दिसायली,” आत्या म्हणाली.

मी स्कूटर हळू केली आणि त्यांच्या मागं मागं झोत धरून ठेवला. गल्लीच्या टोकाला एका ओट्यावर काखेत वाकळ धरून एक म्हातारा उभा होता. पोरांनी बाज उतरवली. कुणी काही बोललं नाही. म्हाताऱ्यानं वाकून पायथ्याची दोरी ओढून बघितली, पुन्हा एकदा ओढून बघितली, आणि नातवाला म्हणाला, “कुठं ओढली सुतळी? हाये तशीच हाये की.”