आत्याचा प्रश्न

"मगे तां वरीस धरतले, काय फुकट जातला?" रसात बुडवलेली सोलं उन्हात पसरता पसरता आत्याने विचारलं.

भाचा ब्रिटनमध्ये कॉम्प्युटर सायन्स शिकतोय. डिग्री तशी 3 वर्षांची, त्यात एक वर्ष जर्मनीत, म्हणून 4. हे ऐकून वेंगुर्ल्यातल्या झाडून सगळ्यांनी पॅकेजच विचारलं. (मुलगा अजून शिकतोय हो!) आत्याने मात्र नेमकी नस पकडली.

युरोपात पूर्ण वर्षाचे 60 ईसीटीएस क्रेडिट (अभ्यास मोजायचं युरोपभर चालणारं माप) धरतात. पण जर्मनीत घ्यायचे विषय आधी ब्रिटनमधल्या विद्यापीठाकडून मंजूर करून घ्यायचे, लर्निंग ॲग्रीमेंटवर (म्हणजे ठरलेल्या विषयांच्या करारावर) दोन्ही विद्यापीठांच्या सह्या आणायच्या. तिथे गेल्यावर एखादा विषय बदलला, की पुन्हा सह्या.

"म्हणजे सातबाऱ्यार नाव चढवूक लागता तसाच," आत्या म्हणाली.

तुमच्याकडे कुणी क्रेडिटचं विचारतं, की नुसते विमानतळावरचे फोटो?