एक्सक्लुझिव्हची ऑफर आली तो दिवस

पुण्यातल्या एका छोट्या गेम स्टुडिओत मी पोर्टिंग प्रोग्रामर आहे, म्हणजे एका मशीनवर चालणारा गेम दुसऱ्या मशीनवर नीट चालवायचा, हे माझं काम. त्या मंगळवारी सकाळी आल्या आल्या मेल दिसला की आमचा बिल्ड, म्हणजे गेमची तयार आवृत्ती, एका कन्सोलच्या (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनच्या) सर्टिफिकेशनमध्ये, म्हणजे कंपनीच्या तपासणीत, फेल झालाय. खेळताना कंट्रोलर बंद पडला तर गेम लगेच पॉज व्हायला हवा, आमच्याकडे पहिल्या प्लेयरचा कंट्रोलर बंद पडला तर होत होता पण दुसऱ्याचा पडला तर नाही. एवढ्यावरून अख्खा बिल्ड परत! आणि प्रत्येक कन्सोलचे नियम वेगळे, सोनीच्या प्लेस्टेशनचे वेगळे, निन्टेंडोच्या स्विचचे वेगळे, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचे वेगळे. मी खूप वैतागले होते.

दुपारी मीटिंगला बोलावलं तर तिथे वेगळीच बातमी. एका कन्सोलवाल्या कंपनीची ऑफर आली होती, गेम एक्सक्लुझिव्ह द्या, म्हणजे एक वर्ष फक्त आमच्या कन्सोलवर ठेवा, ठरलेली रक्कम आधीच देतो. खरं सांगते, मला तर आनंदच झाला. एकच मशीन, एकच नियमावली, आणि बावीस जणांचे पगार निघाले.

प्रोड्युसर म्हणाला, आपल्या पुण्याच्याच राजी या गेमने 2020 मध्ये असं केलं होतं, ऑगस्टमध्ये आधी फक्त स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर. पण ते दोन महिने, इथे पूर्ण वर्ष मागतायत.

मग लीडने मला विचारलं, "बाकीच्या कन्सोलचं पोर्ट संपवायला तुला किती वेळ लागेल?" मी म्हटलं तीन महिने, फार तर चार. तो म्हणाला, गेम बनवायला साडेतीन वर्षं गेली, आणि या तीन महिन्यांसाठी आपण निम्म्याहून जास्त प्लेयर सोडायचे?

त्यावर मला काही बोलताच आलं नाही, कारण हे गणित माझ्याच कामाचं होतं. पीएस3च्या (प्लेस्टेशन 3च्या) काळात एवढ्या झटपट पोर्ट करणं फार अवघड होतं, त्याचा सेल प्रोसेसर एवढा निराळा की कोडचे मोठे भाग वेगळे लिहायला लागायचे. 2013 पासून प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्ही एएमडीच्या, पीसीसारख्याच चिपवर आले, आणि अनरियलसारखं इंजिन (गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर) असेल तर निम्मं काम तेच करतं. अडतं ते पहिल्या स्विचवर, तिथे एकूण मेमरीच 4 जीबी, पण तिथे बसावा म्हणून टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) आणि लोडिंग कापलं ना, की गेम सगळीकडेच हलका होतो.

म्हणजे पोर्ट करणं स्वस्त झालं आणि गेम बनवणं भयंकर महाग. 2023 मध्ये अमेरिकेतल्या एफटीसी (तिथली व्यापार-स्पर्धेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) विरुद्ध मायक्रोसॉफ्ट खटल्यात सोनीच्या कागदांवर मार्करने खोडलेले आकडे वाचता आले, त्यात सोनीच्या द लास्ट ऑफ अस पार्ट 2 या गेमचा खर्च तब्बल 22 कोटी डॉलर निघाला. एवढा पैसा एकाच कन्सोलच्या गिऱ्हाईकांकडून परत मिळवायचा कसा? म्हणूनच सोनी स्वतःचे गेम पीसीवर आणते आणि मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये स्वतःचा सी ऑफ थीव्हज हा गेम चक्क सोनीच्या पीएस5वर दिला. ज्यांचा स्वतःचा कन्सोल आहे तेच असं करतायत, मग आम्ही कशासाठी अडकून पडायचं?

आणि आमचा गेम चौघांनी ऑनलाईन खेळायचा. रात्री अकराला कुणी गेम लावला तर त्याला तीन जोडीदार मिळायला पाहिजेत ना, ते एका कन्सोलवर मिळतीलच असं नाही. वर्षभराने दुसरीकडे आणला तर ट्रेलरची हवा तोवर गेलेली असते. माझा भाचा सांगलीत जुन्या पीसीवर खेळतो, कन्सोल घेणं त्याच्या घरी जमणारं नाही, तो दर फोनला विचारतो, "मावशी, तुझा गेम कधी येणार?" त्याला वर्षभर थांब म्हणायचं?

बोलणं संध्याकाळपर्यंत चाललं. अकाउंट्सच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं, नाही म्हटलं तर मार्चपर्यंतचेच पैसे आहेत. सगळे गप्प झाले. तरी शेवटी लीडने ज्यांना ऑफर नको त्यांना हात वर करायला सांगितलं, तेव्हा माझा हात सगळ्यात आधी वर गेला, सकाळचं डोकं दुखणं अजून थांबलं नव्हतं तरी.

नकाराचा मेल साडेसातला गेला. मी जागेवर आले, गेम लावला, दुसऱ्या प्लेयरचा कंट्रोलर बंद केला आणि पॉजचा कोड शोधायला बसले.