आई-वडील कुठल्या कॉलेजात शिकले?

परवा रात्री जेवणं आटोपून लेकीचा कॉलेजचा अर्ज भरायला बसलो. इथे अमेरिकेत एकच ऑनलाइन अर्ज बऱ्याच विद्यापीठांना चालतो. नाव, पत्ता, शाळा भरून झालं आणि पुढचा रकाना आला: आई कुठल्या कॉलेजात शिकली? वडील कुठल्या?

मी ‘सांगली’ म्हटलं खरं, पण रात्रभर तो रकाना डोक्यातून जाईना.

आमच्या घरापासून हार्वर्ड विद्यापीठ बसने वीस मिनिटांवर. घरून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला जॉन हार्वर्डच्या पुतळ्याच्या बुटाला हात लावायचा असतो, त्यामुळे तिथला इतिहास मला तोंडपाठ झालाय. कॉलेज 1636 मध्ये इथल्या वसाहतीच्या विधिमंडळाने काढलं. जॉन हार्वर्ड 1638 मध्ये वारले, अर्धी मालमत्ता आणि सुमारे 400 पुस्तकं कॉलेजला देऊन गेले, म्हणून त्यांचं नाव लागलं. पुतळ्याखाली मात्र ‘संस्थापक, 1638’ असं कोरलंय. गेल्या वेळी बारावीतला भाचा आला होता. त्याने विचारलं, “मावशी, इथला कटऑफ किती?” 2024 मध्ये 54,008 अर्ज आले आणि 1,937 जणांना प्रवेश मिळाला, हे मी सांगू शकले. कटऑफ नसतोच, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

मला स्वतःला ही पद्धत आवडायची. नुसते मार्क न बघता मुलगा कसा आहे, कुठून आलाय, हे बघतात, किती चांगलं! मग त्यामागचा इतिहास वाचला. 1922 च्या सुमारास हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाला ज्यू मुलं पाचव्या हिश्श्याएवढी झाली, ती निव्वळ परीक्षेच्या जोरावर. विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांना ते खुपलं. उघड कोटा प्राध्यापकांनी मानला नाही, तेव्हा ‘चारित्र्य’ बघायला सुरुवात झाली, अर्जासोबत फोटो आला. आणि अर्जात एक प्रश्न आला: जन्मानंतर तुमचं किंवा तुमच्या वडिलांचं नाव बदललंय का? ज्यू मुलांची संख्या घटली.

म्हणजे बापाची चौकशी तेव्हापासूनची. आज ती उलट्या दिशेने होते. 2023 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डवरच्या खटल्यात वंश बघून प्रवेश देणं थांबवलं, पण आई-वडील त्याच कॉलेजात शिकलेले असतील तर मिळणारं झुकतं माप त्या निकालानंतरही राहिलं. त्याच खटल्यात बाहेर आलेले आकडे: अशा मुलांपैकी साधारण तिघांत एकाला प्रवेश, बाकीच्यांना शंभरात सहा. हार्वर्डच्याच रस्त्याने खाली गेलं की एमआयटी हे दुसरं नावाजलेलं विद्यापीठ लागतं. ते आई-वडिलांचं कॉलेज प्रवेशासाठी धरत नाहीत. जमतं की मग!

आपल्याकडे डोनेशन आहे, मॅनेजमेंट कोटा आहे, मला ठाऊक आहे. तरी माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, आणि गुणवत्ता यादीवर बोट फिरवत त्यांनी माझं नाव शोधलं तेव्हा ते कुठे शिकले, हे कुणी विचारलं नव्हतं. यादी भिंतीवर होती, सगळ्यांना दिसत होती. याबाबतीत आपलंच बरं, असं मला मनापासून वाटतं.

हार्वर्डचं कौतुकही करायला हवं. वर्षाला 2 लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना 2025 पासून शिक्षण शुल्क माफ आहे. आणि गोव्याच्या साखवाळचे बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी, ज्यांचं शालेय शिक्षण धड झालं नव्हतं, त्यांना याच विद्यापीठाने पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावलं. त्यांचा मुलगा, पुढे गणितज्ञ झालेला दामोदर, 1929 मध्ये इथून पदवी घेऊन बाहेर पडला. नवरा म्हणाला, “बघ, तिथेही वडिलांमुळेच.” मला ते पटत नाही. वडिलांमुळे दामोदर या गावात आले, पण गणित त्यांचं स्वतःचं होतं.

लेकीने रकान्यात सांगलीचं कॉलेज पूर्ण नावानिशी टाइप केलं. निबंध राहिलाय. पैसे घेऊन निबंध घडवून देणारे सल्लागार इथे भरपूर आहेत, पण आपण लावायचे नाहीत, असं आम्ही ठरवलंय. गणिताची शिकवणी मात्र चालू ठेवली आहे. तो अभ्यासच आहे, आणि तो तिलाच करावा लागतो.