सांची: दक्षिणेच्या तोरणापाशी

सांचीच्या टेकडीवर गर्दी मोठ्या बौद्ध स्तूपाच्या उत्तर तोरणापुढे, म्हणजे कोरीव दगडी प्रवेशद्वारापुढे. ते सगळ्यात धड राहिलंय, त्यामुळे फोटो तिथेच. मी आईला आधी दक्षिणेकडे नेलं. तिथल्या वरच्या आडव्या पट्टीवर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद, याचं दान कोरलंय. म्हणजे आपले सातवाहन! खाली खांबावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचा लेख. दगडात एवढी बारीक नक्षी कुठून आली, ते लगेच कळतं.

आईला मात्र तोरणावर बुद्ध सापडेना. नाहीच तो, त्याच्या जागी रिकामं आसन, पावलं, बोधिवृक्ष. "मग हात कुणाला जोडायचे?" म्हणत तिनं झाडालाच जोडले. तोरणांच्या आतल्या बसलेल्या बुद्धमूर्ती गुप्तकाळातल्या, बऱ्याच नंतरच्या.

बुद्धाचे पट्टशिष्य सारिपुत्त-मोग्गलान यांच्या अस्थींचं दर्शन हवं असेल तर नोव्हेंबरअखेरच्या यात्रेलाच जा.